कोंडाबाईचं पुरोहिती काम

एकतीस वर्षं मी वाक्यं तपासली. कुणाला नोकरीबद्दल विचारावं तर कुणी पूल बांधलेला असतो, कुणी ऑपरेशनं केलेली असतात, कुणी चोर पकडलेले असतात. मी वाक्यं तपासली. तीही तेरा-चौदा वर्षांच्या लेकरांची, परभणी-गंगाखेड रस्त्यावरून चार किलोमीटर आत असलेल्या एका गावच्या हायस्कुलात. दिवाळी अंकासाठी ‘शिक्षकी पेशातले हृद्य अनुभव’ पाठवा, असं संपादकांचं पत्र आलं. हृद्य अनुभव माझ्याकडं नाहीत. ते ज्यांच्याकडं असतात ते आदर्श शिक्षक पुरस्काराचा अर्ज स्वतःच भरतात आणि त्याला स्वतःच्या सत्काराचे फोटो जोडतात, त्यांना विचारावं. माझ्याकडं एक लाल फुली आहे. ती बरोबर वाक्यावर मारली गेली आणि जिच्या वाक्यावर मारली त्या पोरीचं त्यात नुकसान झालं. तेवढंच लिहिते.

आधी बाहेरच्यांसाठी धंद्याची थोडी माहिती. मराठीच्या पेपरात एक प्रश्न असतो, ‘पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा.’ शब्द चार, मार्क चार. हा प्रश्न सगळ्यांना फुकटचा वाटतो, आणि लेकरांनी तो फुकटात सोडवायच्या युक्त्याही पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवल्या आहेत. सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे, ‘बाईंनी फळ्यावर औदार्य हा शब्द लिहिला.’ औदार्याच्या जागी काहीही घाला, वाक्य खोटं ठरत नाही. दुसरी युक्ती, ‘मला औदार्य आवडते.’ ह्याच युक्तीनं एकदा एका पोराला दुष्काळ आवडला होता आणि दुसऱ्याला अंत्ययात्रा. तिसरी युक्ती गाईड. त्यात प्रत्येक शब्दाचं वाक्य तयार असतं, शुद्ध असतं आणि ते कुणाच्याच घरात कधी बोललेलं नसतं.

मार्कांचा नियम साधा आहे. सगळं बरोबर असेल तर एक मार्क. अर्थच चुकला तर फुली. अर्थ बरोबर पण काहीतरी मधेच चुकलंय, तर अर्धा. माझं स्वतःचं मत असं की आमच्या धंद्यात अर्धा मार्क हाच काय तो इमानाचा मार्क. पूर्ण मार्क बहुतेक वेळा गाईड छापणाऱ्याला जातो. अर्धा मात्र त्याच लेकराला मिळतो ज्यानं स्वतःच्या डोक्यानं काहीतरी लिहायचं धाडस केलं आणि ठेच खाल्ली.

तर आठवीला एक पाठ होता, कुठल्याशा सुधारकाबद्दलचा, आणि पाठाखालच्या शब्दांत एक शब्द होता, ‘पुरोहिती’. भटजींचं, त्यांच्या कामाचं, त्यांच्या तोऱ्याचं जे जे असतं ते सगळं पुरोहिती. पुरोहिती थाट, पुरोहिती वर्चस्व. हा शब्द मी वर्गात जरा जास्तच चवीनं शिकवायची. कारण मी जोशाची लेक.

आमचे अण्णा आठ गावांचे जोशी. सायकलवर फिरायचे. शाळा निजामाच्या काळात उर्दूत झालेली, त्यामुळं मुहूर्त सांगताना मधेच ‘मंजूर’ म्हणायचे आणि पंचांगाला कधीकधी लाडानं ‘आमचा कायदा’ म्हणायचे. लोकांनी दिलेल्या शिध्यावर, म्हणजे सुपातल्या डाळ-तांदळावर आणि गूळ-खोबऱ्यावर, मी वाढले. शाळेत मैत्रिणी मला विचारायच्या, ‘सुधे, आज कोणाच्या घरचं जेवली गं?’ तेव्हाच ठरवलं, पगार घेईन, शिधा घेणार नाही. एकुलती एक लेक डी.एड.ला गेली तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. मी मात्र पुढं तीस वर्षं त्या धंद्याबद्दल बोलतच राहिले. भिक्षुकी म्हटलं की माझ्या नाकाला आपोआप मुरड पडायची. आणि नाक मुरडायला कारणं कमी नव्हती, हेही सांगते.

अण्णा थकल्यावर आमच्या गावांना परभणीचे एक गुरुजी येऊ लागले. फटफटीवर यायचे, म्हणून पोरांनी त्यांना फटफटीगुरुजी नाव ठेवलेलं. लग्नसराईत एका दिवसात चार लग्नं लावायचे. गळ्यात माईक, डोळ्यावर काळा चष्मा, मंगलाष्टकांच्या मधे ‘नवरीच्या मामांनी लवकर या, पुढं जायचंय’ अशी घोषणा. एका लग्नात त्यांनी नवरदेवाला मागच्या गावच्या नवरदेवाच्या नावानं संकल्प सोडायला लावला. बिचाऱ्यानं सोडलाही. चूक कळल्यावर गुरुजी म्हणाले, देवाला समजतं. देवाला समजत असेल तर मग तुम्ही कशाला, असं विचारायची माझी फार इच्छा होती.

आमचे मुख्याध्यापक त्यांचे मोठे भक्त. एका वर्षी दहावीचा निकाल पडला तेव्हा पुढच्या खेपेला मुख्याध्यापकांनी जादा तास घेतले नाहीत; हॉलतिकिटांची पूजा घातली. पाटावर हॉलतिकिटं मांडली, हार घातले, गुरुजींनी पळीनं तीर्थ शिंपडलं. प्रिंटरची शाई स्वस्तातली. तीन पोरांचे फोटो पसरून त्यांच्या जागी निळे ढग उमटले. ती तीन पोरं परीक्षेच्या केंद्रावर ‘मीच हा’ असं शपथेवर सांगत अर्धा तास उभी होती. गणितात शाळेचा निकाल आणखी खाली गेला. गुरुजींनी सांगितलं, मुहूर्तात राहू होता. मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि शांतीची तारीख घेतली.

ह्या पूजेच्याच वर्षी आठवीनं ‘पुरोहिती’ची वाक्यं लिहिली. त्यातली काही मला अजून पाठ आहेत. ‘पुरोहिती पाण्याने दादाचा फोटो गेला.’ एक मार्क. ‘पुरोहिती पोट धोतरात मावत नाही.’ एक मार्क, आणि शेजारी ‘अक्षर सुधार’. ‘पुरोहिती घाईत नवरीचे मंगळसूत्र डब्यातच राहिले.’ हे खरं घडलेलं होतं. ‘आमच्या गावात पुरोहिती दुकान आहे.’ अर्धा मार्क. नंतर वाटलं, एक द्यायला हवा होता. मी ती वह्यांची चळत स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचली. मुख्याध्यापकांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मला त्या दिवशी फार मोठी क्रांती केल्यासारखं वाटत होतं.

चळतीत खालून तिसरी वही शीतलची होती.

शीतल कोण ते सांगते. ऊसतोडीला जाणाऱ्या दत्तारावांची ही पोरगी. दिवाळी झाली की आईबाप आणि आजी कोंडाबाई गंगाखेडकडच्या नाहीतर आणखी लांबच्या फडावर जायचे. सातवीपर्यंत पोरीची निम्मी शाळा बुडायची. आठवीला तिला चुलतीकडं ठेवलं. काळी, किडमिडी, तेल न लावलेल्या दोन वेण्या. पण वाक्यं! ‘शिस्त’ ह्या शब्दाला तिनं लिहिलं होतं, ‘मुंग्यांना शाळा नसते तरी शिस्त असते.’ ‘निसर्गरम्य’ला लिहिलं होतं, ‘आमचे गाव निसर्गरम्य नाही पण बाभळी खूप आहेत.’ तिच्या वहीत गाईडचं एकही वाक्य नसायचं, कारण गाईड घ्यायची ऐपत नव्हती आणि तिला गरजही नव्हती. एकतीस वर्षांत स्वतःची वाक्यं लिहिणारी लेकरं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली. त्यात ही पहिली.

तिनं लिहिलं होतं, ‘माझी आजी उसाच्या फडावर पुरोहिती काम करते.’

मी फुली मारली. शेजारी लिहिलं, ‘शब्दाचा अर्थ पाठात पाहा.’ एक सेकंदही लागला नाही. पुरोहिताच्या पोटाला मार्क देणाऱ्या माझ्या लाल पेनाला कोंडाबाईचं काम मात्र अर्थाबाहेरचं वाटलं.

वह्या वाटल्यावर शीतल जागेवरच उभी राहिली.

“बाई, हे कामून चुकलं?”

“तुझी आजी पुरोहित आहे का?”

“न्हाई, पण पुरोहिती काम करती की. फडावर कोणी येत न्हाई, बाई. आमच्या राहायच्या पाचटाच्या कोप्या रानात असत्यात. लेकरू झालं की बारसं आजीच करती. कोणी मेलं की आजीच समदं सांगती, कोणी पाणी पाजायचं, कोणी काय म्हणायचं.”

मला वर्ग पुढं न्यायचा होता. घंटेला दहा मिनिटं उरली होती. शिवाय खरं सांगायचं तर मला राग आला होता. ज्या धंद्याला मी आयुष्यभर हसले, त्या धंद्याचं नाव ही पोरगी आपल्या आजीला कौतुकानं देत होती.

“मंत्र येतात का तिला?” मी विचारलं.

“मंत्र न्हाई येत.”

“मग काय म्हणते ती?”

शीतलनं वर्गात सांगूनच टाकलं. आजी मेलेल्या माणसाच्या उशाशी बसते आणि म्हणते, ‘कोयता खाली ठेव, बाबा. मोळ्या आमी उचलतो. माघारी बगू नको.’

मोळी म्हणजे तोडलेल्या उसाचा बांधलेला भारा. तो उचलून गाडीत चढवताना मान मोडते. वर्गातली निम्मी लेकरं तोडणीवाल्यांची होती, त्यांना हे माहीत होतं. पण बाई हसल्या, म्हणून वर्ग हसला. हो, मी हसले. आधी मी हसले.

“हे घरगुती झालं, शीतल. पुरोहिती म्हणजे त्याला शास्त्र लागतं, मंत्र लागतात. बस.”

ती बसली नाही. तिनं एवढंच विचारलं, “मंग फडावर कोण करावं, बाई?”

मी म्हणाले, “पुढचा शब्द घ्या.”

हे मी करून बसले. अण्णांच्या पंचांगाला नावं ठेवणारी, हॉलतिकिटांच्या पूजेवर स्टाफरूममध्ये भाषण देणारी मी, शास्त्र आणि मंत्रांची पहारेकरीण होऊन उभी राहिले, आणि मला ते समजलंसुद्धा नाही. फटफटीगुरुजींनी ते वाक्य वाचलं असतं तर त्यांनीही हीच फुली मारली असती, फक्त त्यांच्याकडं लाल पेन नव्हतं.

आता आमच्या पेशाबद्दल बोलते, म्हणजे रागवायचं त्यांनी मनसोक्त रागवावं. आम्ही मास्तर-बाया काय कमी पुरोहिती असतो? पोथी आमच्याच हातात. आम्ही म्हणायचं, लेकरांनी मागून म्हणायचं, अर्थ विचारला तर ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून गप्प बसवायचं. उन्हाळ्यात आम्हाला प्रशिक्षण असायचं. तिथं येणारा तज्ज्ञ चार-पाच अवघड शब्द तीन दिवस आळवायचा, आम्ही ते वहीत उतरवायचो, सही करायचो, जेवायचो आणि शुद्ध होऊन घरी यायचो. त्या शब्दांचा अर्थ मला निवृत्त होईपर्यंत कळला नाही. बाजूच्या शाळेतल्या सरांनाही कळला नव्हता, पण ते पुढं स्वतःच तज्ज्ञ झाले.

त्या संध्याकाळी जेवताना मी अण्णांना शीतलच्या वाक्याची गंमत सांगितली. अण्णा तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढं. ऐकायला कमी यायचं, म्हणून ओरडून सांगितली. मला वाटलं, हसतील.

अण्णा म्हणाले, “कोंडाबाई? दत्ताची आई? तिला मीच परवानगी दिली होती.”

“कसली परवानगी?” मी विचारलं.

“फार वर्षं झाली. फडावर कुणाचं तरी तान्हं लेकरू गेलं होतं. हंगाम उरकून परत आल्यावर ती माझ्याकडं आली. म्हणाली, ‘जोशीबुवा, तिथं कोणी नव्हतं. मलाच जे सुचलं ते बोलले. पाप लागलं का?’ मी विचारलं, काय बोललीस? तिनं सांगितलं. सुधा, मी पंचवीस वर्षं तेच काम करत होतो, पण मला ते सुचलं नसतं. मी म्हणालो, असंच म्हणत जा. तिनं विचारलं, ‘चुकलं तर?’ मी म्हणालो, चुकलं तर माझ्या नावावर घाल. मंजूर.”

“तुम्ही फडावर का नाही गेलात?” मी विचारलं.

अण्णांनी ताटात बोट फिरवलं. “मला कुणी बोलावलं नाही म्हणायचो. खरं म्हणजे तिथं बसायला पाट नसतो, आंघोळीला पाणी नसतं. कोण जातो?” मग म्हणाले, “तू मार्क कापलास का?”

“हो.”

“मग उद्या दे.”

मी दिला नाही. कारण काय तर मार्क रजिस्टरला चढले होते. कारण काय तर वर्गासमोर मारलेली फुली बाईनं वर्गासमोर खोडली तर उद्या कोण ऐकणार? ही कारणं मी स्वतःला अगदी शास्त्रशुद्ध समजावली. अण्णा दुसऱ्या वर्षी गेले. ‘दिलास का?’ असं त्यांनी मधे दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा मी ‘देते’ म्हणाले होते.

आणि शीतल? त्या दिवसानंतर शीतलची सगळी वाक्यं बरोबर यायला लागली.

तिनं मैत्रिणीचं गाईड मागून आणलं आणि उतरवून काढलं. सहामाहीला ‘औदार्य’ला तिनं लिहिलं, ‘थोर पुरुषांच्या अंगी औदार्य असते.’ ‘कृतज्ञता’ला लिहिलं, ‘आपण गुरुजनांविषयी कृतज्ञता बाळगावी.’ चारपैकी चार. वार्षिकला चारपैकी चार. मुंग्या गेल्या, बाभळी गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तोडणीवाल्याची पोरगी वर काढलीत तुम्ही. मी त्या वाक्यांवर बरोबरच्या खुणा करत गेले. तिला बाजूला बोलावून सांगायला हवं होतं, पोरी, तुझं लिही. एकदा बोलावलंही. ती समोर उभी राहिली, हात मागं बांधून, आणि म्हणाली, “काय चुकलं का, बाई?” मी म्हणाले, “नाही, काही नाही. जा.” दहावीत ती बऱ्या मार्कांनी पास झाली. पुढं सेलूला एका जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला लागली. मी निवृत्त झाले. शाल, नारळ, ‘बाईंनी अनेक पिढ्या घडवल्या’ वगैरे झालं.

गेल्या चैत्रात कोंडाबाई वारली. हंगाम करून आली होती, आठ दिवस अंथरुणावर होती, गेली. दहाव्याला मी मुद्दाम गावी गेले. ओढ्याच्या काठी, लिंबाखाली माणसं जमली होती. दत्ताराव डोकं भादरून, ओल्या धोतरानं पिंडापुढं बसलेले. शीतल सेलूहून आलेली, बायकांत मागं बसलेली. मला पाहून तिनं नुसती मान हलवली. आणि सगळे ज्यांची वाट पाहत होते ते फटफटीगुरुजी आलेले नव्हते. आता त्यांच्याकडं चारचाकी होती, पण लग्नसराई तीच होती.

शेवटी त्यांचाच फोन आला. दत्तारावांच्या भावकीतल्या एकानं तो स्पीकरवर टाकून दगडावर ठेवला.

“मला पोखर्णीला लग्नाची वेळ गाठायचीय,” फोनमधून आवाज आला. “मी गाडीत बसून मंत्र म्हणतो, तुम्ही तिकडं क्रिया करा. हल्ली असंच चालतं. दर्भाची अंगठी घाला. घातली का? हातात पाणी घ्या.”

दत्तारावांनी हातात पाणी घेतलं. फोनमधून मंत्र सुरू झाले, मधे हॉर्न, मधे ‘अरे ट्रॅक्टर आहे, बघून’, पुन्हा मंत्र. ज्या बाईनं चाळीस हंगाम रानात बसून दुसऱ्यांच्या मेलेल्यांना निरोप दिला, तिचा निरोप एका चपट्या फोनमधून चालला होता. माझं डोकं तापलं. आणि तेवढ्यात आवाज तुटला. ‘आता डावीकडं...’ एवढंच आलं आणि बंद. पुन्हा लावला तर फोनमधली बाई सांगायला लागली की ग्राहक क्षेत्राच्या बाहेर आहे. दत्तारावांच्या हातातलं पाणी बोटांमधून गळत होतं.

कुणी हसलं नाही. एक म्हातारं म्हणालं, “आता कसं करावं मंग?”

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या.

“बाई, तुमी जोशीबुवाची लेक,” दत्ताराव म्हणाले. “तुमाला येत असतील की मंत्र. तुमीच उरका. आईला अशी मधीच सोडू नका.”

येत होते. अण्णांच्या सायकलच्या मागं बसून पाठ झालेले ते मंत्र मला झोपेत म्हणता आले असते. मी उभी राहिले. आणि मला दिसलं की मी आता पुढं होऊन मंत्र म्हटले तर तीच फुली मी दुसऱ्यांदा मारणार, ह्या वेळी कोंडाबाईच्या पिंडासमोर.

“मला येतात,” मी म्हणाले, “पण हे माझं काम नाही. शीतल करील.”

बायकांत कुजबुज झाली. शीतल बसल्या जागेवरून माझ्याकडं पाहत राहिली. मग सावकाश, एकेक शब्द मोजून बोलली.

“बाई, मला मंत्र येत न्हाईत.”

“तुझ्या आजीला पण येत नव्हते.”

“ते घरगुती असतंय, बाई. तुमीच म्हणला व्हता. सगळ्या वर्गात.”

 दत्तारावांना काही उमगत नव्हतं. ते एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहत होते. 

“माझं चुकलं,” मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, मागच्या बाकावर ऐकू जाईल असं. “तुझं वाक्य बरोबर होतं. एक मार्क होता. मी फुली मारली, वर हसले. अण्णांनी सांगितलं होतं खोड म्हणून, तरी मी खोडली नाही. तुझी आजी पुरोहिती काम करायची, आणि आमच्या अण्णांपेक्षा चांगलं करायची. हे अण्णाच म्हणाले होते.”

शीतलनं खाली पाहिलं.  मग पदर खोचून उठली आणि बापाशेजारी जाऊन बसली.

“बापू, त्यो फोन उचला तिथून,” ती म्हणाली. “हात धुवा. नव्यानं पाणी घ्या. आजीला पितळी तांब्यातलं लागायचं, प्लास्टिकचं नगं.”

कुणीतरी पळत जाऊन तांब्या आणला. ती एकेक सांगत गेली आणि दत्ताराव करत गेले. कुठं बसायचं, भाकरीवर काय ठेवायचं, कुणी आधी पाणी सोडायचं. कुठं अडली नाही. आजीच्या मांडीवर बसून फडाफडांवर पाहिलेलं सगळं तिला आठवत होतं. शेवटी ती पिंडाकडं वाकली आणि रोजच्या आवाजात बोलली, घरातल्या माणसाशी बोलावं तसं.

“आजे, कोयता खाली ठेव. मोळ्या आमी उचलतो. माघारी बगू नको.”

दत्ताराव तोंडात धोतराचा सोगा धरून रडायला लागले. मागं तोडणीवाल्या बाया रडायला लागल्या. त्यांच्यातल्या कित्येकींनी हे शब्द आधी ऐकलेले होते, आपापल्या माणसाच्या उशाशी. मीही रडले. अण्णांच्या दहाव्याला मला रडू आलं नव्हतं. तिथं सगळे मंत्र स्वच्छ म्हटले गेले होते आणि मी नुसते उच्चार तपासत बसले होते.

मग ज्याला त्याला पाणी सोडायला बोलावलं. माझी पाळी आली. तांब्या घेतला, ओंजळ केली, पाणी सोडलं. पाणी सोडताना ओठ सवयीनं हलले आणि अण्णांच्या मंत्राचे चार शब्द बाहेर पडले. मधेच जीभ चावली, पण पडायचे ते पडले होते. शीतलनं तिरप्या नजरेनं पाहिलं.

सगळं झाल्यावर माणसं ओढ्यावर हातपाय धुवायला गेली. मी तिच्याजवळ गेले. तिनंच एकदा मला विचारलं होतं ते तिला विचारलं.

“माझं काही चुकलं का, शीतल?”

ती तांब्या घासत होती. राखेचा हात तिनं कपाळाला पुसला, आणि पहिल्यांदा जरासं हसू दिसलं.

“पाणी बरोबर सोडलं, बाई,” ती म्हणाली, “पर मधी मंत्र घुसडला. अर्धा मार्क.”

मी घेतला.